वाळवण

पहिल्यांदा टाकीचं पाणी बदललं
ते ओढ्यात सोडलं आम्ही, रात्री, चोरून.
सकाळी सोजर दारात :
"आम्हाला नाकं नाहीत होय गं?"
मी खाली बघितलं.

मग कारखान्यावरून मळी आणली, एक कॅन.
हवेचा पंप लावला, तो रात्रंदिवस घोरतो.
तिसऱ्या आठवड्यात पाणी चहाच्या रंगाचं झालं
आणि त्यात कण धरू लागले
दूध नासताना धरतात तसे.
चिलापी तेच टिपत होती.

लिटरभर पाणी शंकूत ओतते, अर्धा तास थांबते,
तळाशी बसलेलं वहीत लिहिते :
अठरा. बावीस. एकतीस.
फार झालं की जुन्या लुगड्यातून गाळते.
गाळात कोंडा, मूठभर पेंड,
आणि दिवाळीचा सोऱ्या.
पत्र्यावर ओळीनं घातलं
तर सोजर जिन्यावरून :
"अवेळी कसले सांडगे?"
"माशांचे."
तिनं एक उचलून हुंगला.
कावळे तिच्या आधीच येऊन गेले होते.

खाद्याची पोती चार लागायची महिन्याला,
आता अडीच.

रेवण हसतो. उजनीत जाळं टाकणारा माणूस.
"आपलंच खरकटं खाऊन वाढलेला मासा
भिगवणच्या बाजारात घेणार कोण?"

लग्नाआधी सहा वर्षं
मी सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये भांडी घासली.
दीडशे ताटं दुपारी, दीडशे रात्री.
भाताची शितं, आमटीचा तवंग
मोरीतून नाल्यात, नाल्यातून मुठेत,
मुठा मुळेला, दोघी मिळून भीमेला,
आणि भीमा कुठं येते, सांग की.
तुझ्या जाळ्यात जे लागतं
त्याला मी तेव्हापासून जेवू घालतेय.

तो काही बोलला नाही.
तंबाखू मळत राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

परवा रात्री दोनला लाईट गेली.
पंप गप्प झाला आणि त्या शांततेनंच मला जाग आली.
अशा वेळी मासे आधी वर येऊन तोंडं उघडतात,
मग उताणे.
धावत बाहेर आले
तर रेवण टाकीच्या कडेवर, होडीचं वल्हं घेऊन
पाणी घुसळतोय,
तोंडावर, बनियनवर तपकिरी शिंतोडे.
"लहान आहे गं," धापा टाकत म्हणाला,
"वल्हं सारखं काठाला लागतंय."

मी बॅटरी धरली.