बर्फ नको

सातव्यांदा चढते आहे या जहाजावर.
व्हँकूव्हरच्या धक्क्यावर माझ्या कार्डाला आता वेगळी रांग असते,
सोनेरी फीत लावलेली. पुढे तिघंच होते,
तिघांचेही गुडघे नवे.

टेबल अठ्ठावन्न, खिडकीचं. खुर्च्या दोन.
ऑर्विल गेल्यावरही मी दोघांचंच टेबल मागते,
कारण एकट्या माणसाला मुदपाकखान्याच्या दाराशी बसवतात
आणि ते दार जेवणभर फडफडत राहतं.

खरं सांगायचं तर सगळं उतरत चाललं आहे.
पाव लहान झालेत. लोणी कागदात गुंडाळून येतं.
शेवंड पूर्वी दोन रात्री मिळायची, मग एक रात्र,
आता तिचे अठरा डॉलर वेगळे.
सूप कोमट. दर वेळी शेवटच्या दिवशी
अभिप्रायाच्या कागदावर मी लिहिते, सूप कोमट,
आणि कॅप्टनच्या सहीचं आभाराचं पत्र येतं
नानायमोला, नाताळाच्या सुमारास.
मग मी पुढचं तिकीट काढते.

का, ते विचारू नका. घरी सूप गरम असतं,
पण माझं मलाच वाढून घ्यावं लागतं.

चार सफरी रोडेलिओ होता. बोहोलचा.
मी बसण्याआधी पेल्यात पाणी, बर्फाशिवाय,
कडेला लिंबाच्या दोन फोडी.
रुमालाचा हंस करायचा तो; दिसायचं बदक.
आणि मेनू हातात देताना, ओठ न हलवता,
“मिसेस पेटिग्रू, आज मासा नको.”
एवढंच. पण मला वाटायचं,
या अकरा मजली पांढऱ्या डोंगरात
कुणीतरी माझ्या बाजूचं आहे.

यंदा तो नाही. करार संपला, म्हणाले.
घरी गेला असेल, किंवा दुसऱ्या जहाजावर.
इथे कुणी कुठे गेलं हे विचारलं
की सगळे छान हसतात.

नवा मुलगा सुहर्दी, सेमारांगचा,
छातीवरचा बिल्ला किंचित तिरका.
मी खुर्ची ओढते तोच पाणी समोर. बर्फ नाही. दोन फोडी.
क्षणभर मला भरून आलं.
मग त्याच्या बगलेतली काळी पाटी दिसली,
काचेची, उजळलेली, तिच्यावर माझं आडनाव.

“दाखव,” मी म्हटलं. तो घाबरला. दाखवली.

बर्फ नको. लिंबू दोन.
पावाचा टोकाचा तुकडा आवडतो.
गोड नको म्हणते. पाच मिनिटं थांबावं.
सुपाबद्दल बोलते. ऐकून घ्यावं.

तर हे होतं माझं माहेर.
सात सफरींचं कौतुक, कुणाच्याही बगलेत मावणारं.
मी पाटी परत देणारच होते.
खाली आणखी एक नोंद होती, तीन वर्षांपूर्वीची,
शेवटी नुसतं ‘आर’:

दुसऱ्या खुर्चीपुढची ताटली सूप येईपर्यंत उचलू नये.
ती स्वतः बाजूला सारते.

मी सारते?
मला माहीत नव्हतं.

आणि त्याच्या नावाखाली माझ्याकडे काय आहे?
बोहोल. मुली दोन, की एक मुलगी नि एक मुलगा.
शेवटच्या सकाळी पाकिटात वीस डॉलर,
एकदा चाळीस. तेव्हा स्वतःचंच
फार अप्रूप वाटलं होतं मला.

तेवढ्यात बाहेर हिमनदीचा कडा कोसळला,
निळा, घराएवढा. आवाज मागून आला.
लोक रुमाल टाकून डेकवर धावले.
सुहर्दीने मान वळवली, पाय नाही.
“जा, बघून ये.”
“परवानगी नाही, मॅडम.”
मग तो माझ्या पाण्याचा पेला पुसत राहिला,
स्वच्छ असलेला, खिडकीच्या बाजूने,
आणि मी त्याला पुसू दिला
लाटा जहाजाला लागून शांत होईपर्यंत.

“आज मासा कसा आहे?” मी विचारलं.
त्याने हेडवेटरकडे पाहिलं. मेनू सरळ केला.
ओठ जवळजवळ न हलवता म्हणाला,
“कोंबडी घ्या.”

हेही पाटीवर लिहिलेलं होतं का,
मी विचारलं नाही.