दामूचा वाटा

तळपणच्या पुलावर बस हलकी दचकली
तेव्हा मांडीवरची पिशवी मी दोन्ही हातांनी धरली.
पैंगीणला तायनं भरलेली पिशवी.
आत सोलं, तिरफळं, मिस्कुटाची बाटली,
बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक, प्लास्टिकला दोरा,
दोऱ्याला तिच्या हाताची ती गाठ
जी आमच्या घरात कुणालाच कधी सुटली नाही.
आणि वर, खाज्याच्या दोन पुड्या.
'एक तुझी, एक दामूची.
त्याला म्हणावं, दात सांभाळून खा.'

दामूला जाऊन अकरा वर्षं झाली.
भावजी पडवीत सुपारी कातरत होते,
त्यांचा अडकित्ता तेवढा थांबला.
मी म्हटलं, देतो.

तीन दिवस होतो. विशेष काही केलं नाही.
सकाळी पोदेराचा भोंगा, उंडे, पातळसा चहा.
घेतोस ना, असं तायनं दिवसातून चारदा विचारलं,
चारदा घेतला.
विहिरीवरचा पंप बसला होता, तो उघडून नीट केला,
ती शेजारी बॅटरी धरून उभी,
भर दुपारी, उन्हात.
मला नीट दिसावं म्हणून.

करमलच्या घाटात काजूच्या बोंडांचा वास आत आला
आणि झोपलेली माणसं एकेक करून जागी झाली.
मी सवयीनं खांब मोजत होतो.
चौतीस वर्षं वीज खात्यात, चढण्याउतरण्यात गेली,
अजून तार सैल दिसली की मान वळते.
कुंकळ्ळीच्या पुढं एका खांबावर कावळ्याचं घरटं.
असू दे. माझी नोकरी संपली आहे.

मडगावला बस बदलायची होती.
पातळभाजी, दोन पाव, एक मिरची भजी.
वाढणाऱ्यानं न विचारता पुन्हा रस्सा घातला.
त्याचं नाव मला कळणार नाही,
त्याच्या पळीला बरकत येवो.

जुन्या गोव्याला फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही.
एवढी मोठी नदी फुकट ओलांडताना
अजूनही काही चोरल्यासारखं वाटतं.
दिवाडीत पायलट मिळाला, सेबी नावाचा,
पिशवी टाकीवर ठेवून म्हणाला,
'बाटली फुटली तर माझी गाडी महिनाभर जेवायला मागेल.'
खाजनाच्या बांधावरून जाताना
दोघंही उगीचच हसत होतो.

दुसरी बोट अजून पलीकडे, नार्व्याला होती.
पायरीवर बसलो आणि दामूची पुडी काढली.
गाठ सुटली नाही. कागद फाडला.

जत्रेहून आलो की ताय खाजं मोजून वाटायची,
जमलं असतं तर वरचे तीळही मोजले असते.
दामूचा वाटा मोठा, कारण तो मोठा.
रात्री तो झोपला की मी त्यातलं चोरायचो.
त्याला ठाऊक होतं.
झोपताना पुडी उशाशी उघडीच ठेवायचा,
माझ्या बाजूला.

आल्याचा तिखटपणा नाकात गेला,
डोळ्यांतही.
दात सांभाळले.

रात्री फोन येईल. दामूला दिलंस?
दिलं.
काय म्हणाला?
म्हणाला, गूळ चांगला आहे,
आलं यंदा जरा जास्त पडलंय.
आणि ती म्हणेल, त्याला कधी काय पसंत पडलंय!

पलीकडच्या धक्क्यावर दिवा लागला.
तो खांब मी उभा केलेला, पाऊण माणूस खोल खड्डा,
तेव्हा दामू डबा घेऊन आला होता.
दिव्याखाली कुणी उभं आहे, शालन असावी,
एवढ्या लांबून पदराचा रंग कळत नाही.
बोट निघाली. उरलेलं खाजं कागदात गुंडाळलं,
बोटं चाटली.
फळकूट आपटलं,
आधी स्कूटरी उतरू दिल्या, मग आम्ही चढलो.