कारण, दोनशे अक्षरांत

फॉर्म भरून झालाय.
नाव: हिल्का लेह्तोला.
विभाग: चौथा मजला, छाती आणि फुप्फुसं.
सेवेची वर्षं: सव्वीस.
खाली एक चौकट तेवढी उरलीय,
बदली मागण्याचं कारण, दोनशे अक्षरांत,
आणि तिच्यात तो बारका उभा दांडा
लुकलुकतोय, थांबतोय, लुकलुकतोय.
सवयीने मोजते. मिनिटाला छप्पन्न.
ठीक आहे.

पहाटेचे तीन चाळीस.
बाहेर थंडर बे गोठून पडलंय,
सरोवरावरून येणारा वारा
पार्किंगमधल्या गाड्यांची दारं चिकटवून टाकतो.
ड्यूटी संपली की आधी दार सोडवायचं,
मग काच खरवडायची,
मग घर.

नवी नोकरी तळमजल्यावर आहे.
पॅट्रिसने मुद्दाम नेऊन खुर्ची दाखवली,
वर-खाली होते, कंबरेला टेकू देते.
फाइली बघायच्या, कुणाला केव्हा घरी सोडायचं ते ठरवायचं,
शुक्रवारी पाचला सगळं संपतं.
"पाठीचा विचार कर गं," ती म्हणाली.
माझी पाठ स्वतःचा विचार स्वतःच करते,
न्हाणीघरात घसरणाऱ्या एका लांबलचक माणसाला
बारा वर्षांपूर्वी मी कवेत धरलं, तेव्हापासून.
तो वाचला. नाताळला कार्ड पाठवायचा.
मग कार्ड यायचं थांबलं.

काय लिहू?
की दुकानाच्या रांगेत
पुढच्या बाईच्या मनगटावरची शीर बघून
मनात येतं, इथे सुई छान जाईल?
की मुलगी फोनवर रडत होती
आणि मी तिचे श्वास मोजत बसले,
ती काय म्हणाली ते ऐकायचंच राहिलं?
की ऑक्टोबरात एका रात्रीत तिघं गेले
आणि सकाळी मी सावकाश, अगदी चवीने,
अंड्याचं सँडविच खाल्लं?

चौदा नंबरला ह्रिन्को आहेत.
चाळीस वर्षं बंदरावरच्या धान्यकोठारांत काढली,
फुप्फुसांत अजून ती धूळ आहे.
सांगतात, डोळे मिटून नुसत्या वासावरून
ओट कुठले, जव कुठले, ओळखायचो.
मी म्हणते, मी पण.
कुणाची जखम बिघडलीय, दारातच कळतं मला.
ते हसतात, हसू खोकल्यात बुडतं,
मी पाठीवर हात ठेवते, खोकला ओसरतो.
हातगुण म्हणतात तो हाच की काय, ठाऊक नाही.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.
तळमजल्यावर बोटांच्या भेगा भरतील,
सॅनिटायझर झोंबणार नाही.
मग त्या बऱ्या झालेल्या हातांचं
मी काय करू?

दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची.
एकाच कुशीवर माणूस फार वेळ राहिला
की टाचेपाशी, माकडहाडापाशी कातडी लाल होते.
बोटाने दाबून बघायचं.
पांढरी पडली तर अजून वेळ आहे.
लालच राहिली तर आतून सुरुवात झाली.
नव्या मुलींना हे मीच शिकवते.
परवा डेलिला विचारत होती, "त्यांना दुखत नाही?"
"पुष्कळदा नाही. म्हणून तर बघावं लागतं."

सव्वीस वर्षं.
मला अजून कुणी दाबून पाहिलेलं नाही.

चौकटीत लिहिते: कूस बदलायची वेळ
शेजारी आकडा उमटतो, एकशे पंच्याऐंशी शिल्लक.
पुढे काही सुचायच्या आत
चौदाचा दिवा लागतो.

ह्रिन्को जागेच आहेत, चादर बाजूला सारून,
एक हात आधीच कठड्यावर.
"उशीर केलास."
"चार मिनिटं," मी म्हणते, "लिहीत होते."
"काय?"
"अजून पूर्ण नाही झालं."
गुडघा पलंगाला टेकवते,
एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली,
एक, दोन,
तीनला आम्ही दोघंही श्वास रोखतो.