इतिवृत्तात नाही

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला,
तंबाखूच्या जुन्या लिलावघरात बैठक भरते.
भिंतींना अजून वास आहे, गोडूस,
दमट दिवसांत तो कागदांनाही लागतो.
मी कोपऱ्यात. माझं काम लिहिणं:
कोण हजर, कोण रजेवर,
कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं.
एकोणीस वर्षं लिहितेय.
मनगट दुखतं, पण अक्षर अजून वळणदार आहे.

विषय पहिला: तीन काउंट्यांच्या कचेऱ्या एक करणे.
नवी कचेरी नव्वद मैलांवर,
ब्ल्यू रिजच्या डोंगरापलीकडे.
मानसिक आजार, अपंगत्व, व्यसन,
तिन्ही खाती एकाच छताखाली, व्यवस्थापक म्हणाले,
आणि छताचं चित्र दाखवलं.
ऑर्व्हिल टेस्टरने विचारलं, तिथवर बस जाते का?
ऑर्व्हिल सहा वर्षं दारूला शिवलेला नाही.
सल्लागार समितीवर आहे,
दर बैठकीला रताळ्याची पाय भाजून आणतो,
आणि कोणी घेतली नाही तरी डबा उघडा ठेवतो.
नोंद घेतली, व्यवस्थापक म्हणाले.
नोंद मी घेतली.

विषय दुसरा: रात्रीची हेल्पलाइन.
फोन सरासरी किती सेकंदांत उचलला, त्याचा आलेख.
निळी रेघ, उतरती; उतरती म्हणजे चांगली.
त्या फोनवर डेल्फा असते, माझी शेजारीण.
पहाटे घरी येते
आणि इंजिन बंद करून गाडीतच बसून राहते,
कधी अर्धा तास, कधी उजाडेपर्यंत.
मी स्वयंपाकघरातून बघते. दिवा लावत नाही.

विषय तिसरा: प्रतीक्षा यादी.
हे आमचं भिजत घोंगडं.
अकराशे बावीस जण; नावं नाहीत, क्रमांक.
वरचं कोणी गेलं की खालचं सरकतं.
गेलं म्हणजे कुठं, हे विचारायचा प्रघात नाही.

मग नागरिकांचं निवेदन. प्रत्येकी तीन मिनिटं.
टेबलावर दिव्यांचा बुटका खांब:
हिरवा, पिवळा, लाल.
अर्लीन बक्नर उठली.
मुलाचं नाव यादीत घातलं तेव्हा तो सतराचा होता,
आता एकतीस.
दर वर्षी ती बोलते, मी लिहिते,
तिची वाक्यं मला तोंडपाठ आहेत.
या वेळी ती बोललीच नाही.
रॉस्कोला माइकसमोर बसवलं
आणि मागे उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.

रॉस्को शब्दांनी बोलत नाही.
त्याने दिव्याकडे पाहिलं. हिरवा.
माइकमधून त्याचा श्वास येत राहिला,
सावकाश, जरा घरघरता, खोलीभर.
कोणी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला,
घातला, पुन्हा पुसला.
दिवा पिवळा झाला तेव्हा रॉस्को हसला,
सांगून ठेवलेला पाहुणा वेळेवर यावा तसा.
आणि आम्ही सगळे,
सात सभासद, वकील, व्यवस्थापक, मी,
लाल व्हायची वाट बघू लागलो.
वाट बघणं त्याला आमच्याहून चांगलं येतं.
लाल झाला. त्याने टाळी वाजवली, एकच.
उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली,
जी आमच्यातलं कोणी कधी सरकवत नाही.
जाताना पायचा मोठा तुकडा घेतला.
ऑर्व्हिल रुमालाने नाक शिंकरत होता.

छापील नमुन्यात रकाना आहे:
वक्त्याचे म्हणणे, थोडक्यात.
पेन टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका पसरत गेला.
काही नाही, असं लिहिणं खोटं होतं.
जे ऐकलं ते रकान्यात मावेना.
शेवटी लिहिलं:
रॉस्को बक्नर. पूर्ण तीन मिनिटे.

पुढल्या महिन्यात इतिवृत्त दुरुस्तीविना मंजूर झालं.
यादीत रॉस्को दोनशे सातवरून दोनशे सहावर आला.
बैठक संपल्यावर, जिन्यात,
मी पहिल्यांदाच विचारलं, कोण गेलं?
व्यवस्थापकांनी फोनमध्ये बराच वेळ शोधलं.
इव्हेट नावाची कोणी. चोपन्न वर्षांची.
मिल क्रीकच्या वरच्या अंगाला राहायची.