सापडलं

कोक्कोलाच्या बंद शाळेत, व्यायामाच्या हॉलमध्ये,
पुठ्ठ्याचे सोळा खोके. कुठेतरी कापसाचा बोळा,
त्यावर निलगिरीच्या पाण्याचा एक थेंब.
कुठे, ते फक्त सिर्क्काला ठाऊक.
ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत कॉफी पितेय.

नाप्पी म्हातारा, एका कानाने बहिरा,
दोरी सैल होताच तरुण होतो.
तिसरा खोका. पाचवा. परत तिसरा.
मला वाटतं, नववा. झाकण जरा उचललेलं दिसतंय.
हलकेच तिकडे ओढते,
तर बघतो माझ्याकडे,
वाण्याने खोटं नाणं बघावं तसा.

तीन हिवाळ्यांपूर्वी तापात माझं नाक गेलं.
कॉफी म्हणजे आता गरम पाणी,
आर्व्होचा स्वेटर म्हणजे नुसती लोकर.
इथे कुणाला सांगितलेलं नाही.

खोके सोडून तो भिंतीशी जातो,
रेडिएटरखाली नाक खुपसतो
आणि थिजतो.
शेपटीचं टोक तेवढं हलतंय.

मी सिर्क्काकडे बघत नाही.
हात वर करते. म्हणते, "सापडलं."
ती कप खाली ठेवते.

खिशातला सॉसेजचा तुकडा त्याला देते,
मग बोटं नाकाशी नेते, सवयीने.
काही नाही.
तीच बोटं तो अजून हुंगतोय,
एकेक, सावकाश,
मधल्या पेरापर्यंत.