दुसरी चावी

दिवाळीनंतर कधीतरी गाडी
रोज सातच्या सुमारास आपोआप उघडायला लागली.
टुक टुक. दिवे मिचकावून
खटाखट चारही खुंट्या वर.
चार नाही, तीन. मागचं डावं दार
विकत घेतली तेव्हापासूनच कुणाचं ऐकत नाही.

चावी पर्समध्ये, पर्स कपाटात,
मी कुकरजवळ.

जिंतूर नाक्यावर मुनीरभाईनं
आधी सेल मापला. तीन व्होल्टचा, अडीच भरला.
"कमजोर आहे. पण कमजोर सेल गाडी उघडत नसतो मॅडम,
कमजोर सेल गप बसतो."
मग रिमोट खोलून बटणाखालची
हळदीची पिवळी पूड काडीनं खरवडली.
माझीच बोटं, माझीच फोडणी.
मग ड्रायव्हरच्या दाराचं अस्तर काढलं.
आत बोटाएवढी मोटर, दांड्या, क्लिपा,
एक वाळलेली बोराची बी.
बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरींचा जुडगा
दारातून गाडीत जातो,
तिथं नाडी बघावी तसं त्यानं बोट ठेवलं.
"उघडझाक करून करून तार इथंच तुटते.
वरून सगळं साबूत दिसतं."
मागच्या डाव्या दाराची तुटलेलीच निघाली.
हिची नाही.

"गाडी कुठं लावता?"
घरासमोर. कडूलिंबाखाली.
"बँकेसमोर उघडली कधी?"
नाही.
"गंगाखेडला गेलाव तवा?"
नाही.
त्यानं पेचकस दातात धरला, काढला.
"मंग फॉल्ट गाडीत नाही. गल्लीत आहे.
दुसरी चावी कुणाकडंय?"

दुसरी चावी हरवली, म्हणाले होते रासवे सर
कागदांवर सही करताना.
जागा मीच बोट ठेवून दाखवली होती,
तरी सही ओळ सोडून वर चढली.
साखरेनं डोळे खाल्ले तेव्हा विकली त्यांनी गाडी.
त्यांच्या माडीखालून माझ्या लिंबाखाली,
पन्नास पावलं.

मुनीरभाईनं वहीएवढं यंत्र जोडलं.
पडद्यावर आलं: चाव्या दोन.
"एक पुसून टाकतो. दोन मिनिटाचं काम,
तीनशे रुपये."
त्याचा अंगठा बटणावर.
मी म्हटलं, राहू द्या.
मागच्या दाराची तार तेवढी जोडा.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर, वाळलेले कपडे काढत.
समोर माडीवर सर. पांढरा सदरा, खुर्ची रस्त्याकडं,
रेडिओ ऐकणाऱ्या माणसासारखी कललेली मान,
हात कठड्याबाहेर.
टुक टुक.
आणि खटाखट. मोजत असावेत,
कारण चौथा आवाज आला तसे
ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

दोन मिनिटं जाऊ दिली, मग माझं बटण दाबलं.
टुक.
तेव्हापासून असंच चाललंय.
ते उघडतात, मी लावते.
रस्त्यात भेटलो तर नळाच्या पाण्यावर बोलतो,
उन्हावर बोलतो.

परवापासून सात वाजतात आणि लिंबाखाली काहीच नाही.
सर दाबतात. उभं राहून दाबतात.
रिमोट हनुवटीला टेकवून दाबतात,
तसं केलं की पल्ला वाढतो म्हणे.
कुणाची तरी मोटरसायकल जाते.
काल अंधार पडेपर्यंत बसले होते,
आणि मला, चावी हातात असून,
त्यांच्या वाटचं बटण दाबायचा धीर झाला नाही.

आज विरजण मागायच्या निमित्तानं वाटी घेऊन गेले.
मुठीत चाळीस रुपयांचा सेल.
सर अंघोळीला गेलेले, न्हाणीतून तांब्याचा आवाज.
सुलोचनाकाकूंनी माझ्या मुठीकडं पाहिलं,
काही विचारलं नाही.
त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून रिमोट काढला,
रुपयाचं नाणं खाचेत घालून
टोपण एका फटक्यात उचकटलं.

"अधिकची बाजू वर येते," मी हळूच म्हटलं.

"माहितीय," काकू म्हणाल्या,
"दिवाळीत मीच तर बदलला होता."