बांडगूळ

लिहितात लिओमिन्स्टर, म्हणतात लेम्स्टर.
या गावात मी कॉम्प्युटर दुरुस्त करते,
किल्ल्या बनवणाऱ्या ट्रेव्हरच्या दुकानात,
अर्धं टेबल, आठवड्याला तीस पौंड भाडं.

मिसेस प्रॉसर लॅपटॉप घेऊन आल्या
उशीच्या अभ्र्यात, आजारी मांजर आणावं तसा.
"आत कुणीतरी दुकान मांडून बसलंय," म्हणाल्या.

उघडला. पंखा धापा टाकत होता.
हवामान विचारावं तर जिना चढणारी खुर्ची,
मुलीची मेल उघडावी तर गुडघ्याचं मलम,
खिडकी मिटायला जावं तर फुलीच खोटी,
तिच्या पोटातून आणखी दोन खिडक्या.
आणि ग्लिन गेल्याच्या दहाव्या दिवसापासून
अंत्यविधीची योजना, सोप्या हप्त्यांत.

"त्याला कसं कळलं?"
"तुम्ही रात्री तीन वाजता काय काय शोधलंत,
ते बघत होतं."
त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

मुळाशी गेले तर निघाला पत्त्यांचा एक खेळ,
चार वर्षांपूर्वीचा. फुकट.
ग्लिननं दाबलं असणार पुढे, पुढे, मान्य,
आणि त्या मान्यच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
हा पाहुणा. आधी ओसरी, मग माजघर,
मग चुलीपाशी पाट.

म्हटलं, आमच्याकडे आंब्यावर असंच वाढतं,
मूळ मातीत नाही, फांदीत.
"आमच्या सफरचंदांवरही," त्या म्हणाल्या.
"डिसेंबरात ग्लिन जुड्या बांधून विकायचा.
लोक दाराला टांगतात, खाली उभं राहून मुके घेतात."
"आणि झाड?"
"झाडाला कोण विचारतंय."

खेळ काढायचा तर ग्लिनचा आकडाही जाणार होता:
सात हजार चारशे बारा.
तो त्यांनी पावतीच्या मागे लिहून घेतला,
पेन्सिलनं, मग त्यावरून पेननं.
"काढ."

स्टार्टअपमधून, ब्राउझरमधून, कुठल्या कुठल्या फोल्डरमधून
तासभर उपटत बसले.
पंखा थांबला. ट्रेव्हरची कानस तेवढी ऐकू येत राहिली.
पांढरं पान, मधोमध एक रिकामी चौकट.
मिसेस प्रॉसर तिच्याकडे बघत राहिल्या.
"आता याला काय विचारू?"

मला सुचलं नाही.

पंधरा पौंड दिले, वर पिशवीतून
दोन डागाळलेली सफरचंदं काढून ठेवली.
"फुकट," म्हणाल्या.
मी आधी उलटून पाहिली.